एक्स-रेबाईंचं शिशाचं ‘उ’

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी एक्स-रेबाईंचं नाव घेतो. आईवडिलांच्याही आधी घेतो. आईला हे माहीत आहे आणि तिला त्याचं वाईट वाटत नाही. ती म्हणते, "बराबर हाय. डोळे म्या देल्ते, पाह्यला त्या बाईनं शिकवलं."

एक्स-रेबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण जुन्या जालन्याच्या त्या गल्लीत ते कुणी वाचत नसे. परजिल्ह्यातल्या एका दवाखान्यात त्यांनी तीस-एक वर्षं एक्स-रे काढले आणि निवृत्त झाल्यावर वडिलांच्या घरी परत आल्या. खाली धान्याचे ठोक दुकानदार, पहिल्या मजल्यावर बाई आणि त्यांच्या डोक्यावर एक खोली. त्या खोलीत मी तीन वर्षं राहिलो.

मी तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातला. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला पहिलाच. बी.एस्सी. झालो आणि जालन्यात एका बियाण्यांच्या कंपनीत, बियाणं किती टक्के उगवतं ते तपासायच्या प्रयोगशाळेत, नोकरीला लागलो. खोली शोधत बाईंचं दार वाजवलं तेव्हा आतून आवाज आला, "पुढचा!"

मागे वळून पाहिलं. माझ्यामागे कुणीच नव्हतं. तेव्हा पुढचा मीच, असं समजून आत गेलो. समोर पांढऱ्या सुती साडीतल्या, बारीक चणीच्या, मोठ्या चष्म्याच्या बाई उभ्या होत्या.

"उभे राहा. सरळ. हनुवटी वर. खांदे पुढं. श्वास घ्या. धरा."

मी धरला. शाळेपासून मला सांगितलेलं ऐकायची सवय. बाई आत गेल्या. आत कपाटाचा आवाज झाला, मग भांड्यांचा झाला. मी धरूनच होतो. डोळ्यांसमोर काजवे चमकायला लागले तेव्हा त्या किल्ली घेऊन बाहेर आल्या.

"अहो सोडा की आता! मरता का काय?"

मी सोडला. बाईंनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्याआधी चार जण येऊन गेले. चौघांनी मी पाठ फिरवल्याबरोबर सोडला. सांगितल्याशिवाय श्वास न सोडणारा माणूस डार्करूममधी चालतो."

डार्करूम, म्हणजे फिल्म धुवायची अंधारी खोली, हा शब्द मी तोवर फक्त पुस्तकात वाचला होता.

*

बाईंसाठी सगळं जग म्हणजे पेशंट होतं. दूधवाला पेशंट, समोरचे अडत दुकानदार पेशंट, मीही पेशंट. "पेशंट, चहा झाला." "पेशंट, नळ आला, बकेट लावा." कुणाची ओळख करून द्यायची झाली तर त्या चेहऱ्याबद्दल बोलत नसत. "ते न्हाई का, डावा खांदा खाली असलेले?" म्हणत. आणि खरंच तो माणूस आला की त्याचा डावा खांदा खाली असे. मी इतके दिवस त्याला पाहत होतो, पण मला ते कधी दिसलं नव्हतं.

त्यांचं सगळ्यात मोठं वेड म्हणजे डावं-उजवं. दवाखान्यात एक्स-रे काढताना प्लेटवर शिशाचं एक बारकं अक्षर ठेवतात, म्हणजे शरीराची कुठली बाजू ते फिल्मवर पांढरं उमटतं. दवाखान्यात ती अक्षरं इंग्रजी असत. बाईंनी निवृत्तीनंतर गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडून स्वतःसाठी उजव्याचं मराठी ‘उ’ ओतून घेतलं होतं. नखाएवढं, काळपट, जड. ते त्या पदराच्या टोकाला बांधून ठेवत, बाकीच्या बायका किल्ली बांधतात तसं.

ह्याच्यामागं एक गोष्ट होती, ती त्यांनी मला एकदाच सांगितली. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी एका माणसाच्या पायाच्या फिल्मवर चुकीचं अक्षर ठेवलं. मोडला होता डावा, फिल्म म्हणत होती उजवा. ते त्यांच्या घरी, जेवताना लक्षात आलं. ताटावरून उठून त्या उष्ट्या हातानं दवाखान्यात गेल्या आणि डॉक्टरांना म्हणाल्या, चूक माझी आहे. कुणाचंही काही बिघडलं नाही. प्लास्टर बराबर पायालाच लागलं.

"पण त्या दिवशी ठरवलं," बाई म्हणाल्या, "बिघडलेलं झाकायचं न्हाई. उलटी फिल्म दिसली की पह्यले सांगायचं, मंग फाडायची. ह्या घरात दुसरा कायदा न्हाई."

मी मान हलवली. पुढं हा कायदा मीच मोडणार आहे हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

*

कॅमेऱ्याचं सुरू झालं ते एका फोटोवरून. माझ्या खोलीत भिंतीवर पदवीदानाचा फोटो होता. मी काळ्या झग्यात, शेजारी आई. बाईंनी तो पाहिला आणि विचारलं, "ह्याची दुसरी प्रत घरी असंल?"

"आहे. ट्रंकेत."

"ट्रंकेत कामून?"

मग मी सांगितलं. तो फोटो मी मोठ्या हौसेनं घरी नेला होता. आईनं तो हातात धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "तू लई छान दिसून राह्यला. पण तुह्या बाजूला ही कोण उभी केली?" सगळे हसले. तिनं फोटो गोधडीखाली, ट्रंकेत ठेवला. तिच्या प्रत्येक फोटोचं असंच होई. आधारकार्डावरची बाई ती नाही, लग्नातल्या फोटोतली ती नाही. सगळे म्हणत, फोटोत कुणीच चांगलं दिसत नाही. पण ती चांगलं-वाईट म्हणत नव्हती. ती म्हणत होती, ही मी नाही. मला शिकवण्यासाठी जिनं एवढं केलं, तिला माझ्या पदवीच्या फोटोत ती स्वतःच सापडत नव्हती, हे मला लागून राहिलं होतं. मी ठरवलं होतं की चांगला कॅमेरा घ्यायचा आणि आईला पटेल असा एक तरी फोटो काढायचा. भिंतीवर लावण्यासारखा.

मी मोबाईलवर बाईंना एक कॅमेरा दाखवला. पुढं हातभर लेन्स.

"एवढी लांब नळी कशाला? दुसऱ्याच्या घरात डोकवायचंय का?"

"लांबचं जवळ दिसतं, बाई."

"जवळचं पाह्यचं असंल तर जवळ जायचं. आम्ही काय पेशंटला गेटवरून विचारत होतो, कुठं दुखतं म्हणून?"

मग त्या मला गल्लीच्या टोकाला एका जुन्या स्टुडिओत घेऊन गेल्या. स्टुडिओचे मालक म्हणजे गल्लीचे चाचा. त्यांचा धंदा आता झेरॉक्स आणि मोबाईल कव्हरवर आला होता. मागच्या खोलीत फिल्मचे जुने कॅमेरे एका टोपलीत, कांद्यासारखे, ठेवले होते.

बाईंनी एकेक कॅमेरा उचलून कानाला लावला आणि खटका दाबला. पहिला ऐकून म्हणाल्या, "ह्याला दमा हाय." दुसरा ऐकला. "हा खोकून राह्यला." तिसऱ्याच्या लेन्समध्ये मागून टॉर्च मारली, एक डोळा मिटला आणि मान हलवली. "छातीत डाग. बुरशी. ह्याला बाकीच्यांपासून अलग ठेवा चाचा, सगळ्यांना लागंल."

"बाईसाब," चाचा म्हणाले, "तुम्ही गिऱ्हाईक हाव का सिव्हिल सर्जन?"

पाचवा कॅमेरा काळा, जड, पन्नास मिलिमीटरच्या आखूड लेन्सचा होता. कातडं एका कोपऱ्यात निघालेलं. बाईंनी एक सेकंदाचा खटका लावला आणि डोळे मिटून ऐकला. आतला पडदा उघडला, थांबला, मिटला. पुन्हा लावला. मग त्यांनी तो माझ्या कानाशी धरला.

"ऐका. श्वास घेतला, धरला, सोडला. बराबर एक सेकंद. हा पेशंट धडधाकट हाय."

कॅमेरा असा निवडतात हे मला माहीत नव्हतं. आजही मी लोकांना सांगतो तेव्हा ते हसतात, पण तो कॅमेरा अजून चालतो.

त्याच टोपलीमागं, कोपऱ्यात एन्लार्जर होता. निगेटिव्हवरून कागदावर मोठा फोटो उतरवायचं उभं यंत्र. त्याच्या दांड्यावर चाचांनी मोबाईल कव्हरं टांगली होती. बाईंना ते पाहवेना. एकेक कव्हर काढून त्यांनी चाचांच्या हातात दिलं. ऑटो बोलावला. एन्लार्जर सीटच्या मधोमध बसवला, एका बाजूला स्वतः बसल्या, दुसऱ्या बाजूला मी अर्धा बाहेर.

"बाई, हा मागं ठेवला असता."

"पेशंट मागं ठेवत असतेत का?"

*

डार्करूम न्हाणीघरात झाली. उंचावरच्या झरोक्याला बाईंनी एक्स-रे फिल्मच्या पुड्यांतला काळा कागद चिकटवला. तो कागद त्यांनी निवृत्तीच्या वेळी आणला होता, लोक शाल-श्रीफळ आणतात तसा. दाराच्या फटीला गोधडी. बादल्यांवर फळी आणि फळीवर एन्लार्जर. खाली रसायनांचे तीन ट्रे. पहिल्यात कागदावर चित्र उगवतं, दुसऱ्यात ते थांबतं, तिसऱ्यात पक्कं होतं. बाईंनी तिन्ही ट्रेंवर खडूनं लिहिलं होतं: ‘या’, ‘थांबा’, ‘राहा’.

अंधार तपासायचा तो भर दुपारी बारा वाजता. "रात्री काय, सगळं जालनाच डार्करूम असतं," बाई म्हणत. आत जाऊन, दार लावून, दहा मिनिटं बसायचं आणि डोळ्यांसमोर हात धरायचा. बोटं दिसली तर कुठंतरी फट आहे. पहिल्या दिवशी मला पाचही बोटं दिसली. चौथ्या दिवशी दोन. सहाव्या दिवशी मी बाहेर आलो आणि म्हणालो, "बाई, हातच दिसला नाही!" बाईंनी त्या आनंदात शिरा केला. हात न दिसल्याबद्दल शिरा खाणारा आमच्या खानदानात मी पहिलाच असेन.

जालन्यात नळ आठ-आठ दिवस येत नाही. फोटो धुवायला पाणी लागतं. त्यामुळे आम्ही नळाच्या दिवशीच छापायचो. त्यात आणखी एक अडचण. खालच्या दुकानात हमाल पोती टाकत. पोतं आपटलं की न्हाणीची भिंत हाले, भिंत हलली की एन्लार्जर हाले आणि फोटोतल्या माणसाला चार डोळे येत. म्हणून छपाई दुपारी दोन ते चार, हमाल जेवायला जात तेव्हा. एखादा हमाल लवकर जेवून आला तर बाई गॅलरीतून ओरडत, "अहो पेशंट, सावकाश चावून खा!"

पण हे सगळं नंतरचं. कॅमेरा आणल्यावर पहिले पंधरा दिवस बाईंनी मला फिल्म दिलीच नाही.

"रिकामा कॅमेरा घेऊन फिरा."

"फोटो कसे येतील?"

"फोटो न्हाई यायला पाह्यजेत. तुम्ही यायला पाह्यजेत."

मी पंधरा दिवस रिकामा खटका दाबत फिरलो. समोरचे अडत दुकानदार रोज केस विंचरून, टोपी सारखी करून उभे राहायचे आणि संध्याकाळी विचारायचे, "फोटो कधी देता?" मला खोटं बोलवेना. बाई वरूनच सांगत, "तुमचा आतून काढला हाय, टाइम लागतो."

सोळाव्या दिवशी खरी फिल्म मिळाली, काळ्या-पांढऱ्याची. त्याआधी एक वाया गेलेली फिल्म घेऊन मला आठवडाभर गोधडीखाली बसवलं होतं. धुवायच्या आधी अंधारात ती प्लॅस्टिकच्या रिळावर, वेटोळी एकमेकांना न चिकटता, गुंडाळता यायला हवी. मी आत चाचपडत असे आणि बाहेर बाई पेपरातले सोयाबीनचे भाव मोठ्यानं वाचत. म्हणत, "गडबडीतच हात बराबर चालला पाह्यजे."

*

दिवाळीनंतर आई दोन दिवसांसाठी जालन्याला आली. बाईंनी तिला गॅलरीत, उन्हाला पाठ न करता, एका स्टुलावर बसवलं. मी कॅमेरा उचलला आणि आईचा चेहरा रेशनकार्ड झाला. ओठ मिटले, डोळे मोठे, मान ताठ.

"हे असंच व्हतं," ती ओठ न हलवता म्हणाली.

"होऊ द्या," बाई म्हणाल्या. "श्वास घ्या."

आईनं घेतला.

"धरा."

आईनं धरला. गाल फुगले. मी खटक्यावर बोट ठेवलं. बाईंनी मला डोळ्यांनी थांबवलं. आई लाल व्हायला लागली. समोरचे दुकानदार गादीवरून उठून बघायला आले.

"सोडा!"

आईनं फुस्सकन सोडला आणि त्याबरोबर, "आगं बाई, जीव घेती का काय!" म्हणून हसली. त्याच क्षणी मी खटका दाबला.

बाईंनी मला नंतर समजावलं. "एक्स-रे श्वास धरल्यावर काढतेत. माणसाचा फोटो सोडल्यावर. धरल्यावर फक्त हाडं दिसतेत."

दुसऱ्या दिवशी नळ आला. फिल्म धुऊन, वाळवून तयार होती. पण बाईंना बँकेत जावं लागलं. पेन्शनसाठी वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे तिथं सांगावं लागतं आणि यंत्रावर अंगठा द्यावा लागतो. तीस वर्षं रसायनांत हात घालून बाईंच्या बोटांवरच्या रेषा पुसट झाल्या होत्या. यंत्र दर वर्षी म्हणे, अशी कुणी व्यक्ती नाही. त्या मोठ्या तयारीनं भांडायला निघाल्या आणि जाताना पदराची गाठ सोडून शिशाचं ‘उ’ माझ्या हातात ठेवलं.

"तुम्ही एकटे छापा. निगेटिव्ह कसं बसवायचं?"

"चकाकी दिव्याला, मळकी कागदाला."

"बराबर. येते मी."

निगेटिव्हला दोन बाजू असतात, एक चकचकीत, एक मंद. उलटं बसवलं तर फोटो आरशातल्यासारखा उलटा येतो. हे मला पाठ होतं. पण त्या दिवशी आई न्हाणीत माझ्याशेजारी उभी होती आणि लाल बल्बच्या उजेडात विचारत होती, "हे काय? हे काहून? ह्याला वास काहून येतो?" मी तिला सगळं समजावून सांगत होतो. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला काहीतरी शिकवत होतो आणि त्या आनंदात मी निगेटिव्ह उलटं बसवलं. कागदावर जिथं आईचा उजवा खांदा यायला हवा त्या कडेला ‘उ’ मात्र न चुकता ठेवलं; त्याच्याखालचा कागद पांढरा राहतो.

कागद पहिल्या ट्रेमध्ये सोडला. आई वाकली. आधी काहीच नव्हतं. मग केसांची रेघ आली, मग कपाळ, मग हसतानाचे डोळे.

"आली!" आई ओरडली. "आरं, मी आली! हीच मी!"

मला वाटलं, मी जिंकलो. लगेच दुसरी प्रत काढली. पहिली टॉवेलमध्ये टिपून, वर्तमानपत्रात गुंडाळून आईला दिली. तिला चारची बस पकडायची होती. ती पुडकं छातीशी धरून गेली.

पाच वाजता बाई आल्या. भांडण जिंकल्या होत्या, एकदम खुशीत होत्या. "मी जिवंत हाय, लेखी हाय!" म्हणत न्हाणीत शिरल्या. दोरीवर दुसरी प्रत वाळत होती. बाईंनी ती पुरती पाहिलीही नाही.

"फुली."

"काय, बाई?"

"आईच्या नाकात फुली कुठल्या अंगाला हाय?"

डाव्या. फोटोत ती उजव्या नाकपुडीत होती. पदरही उजव्या खांद्यावर. आणि कडेला माझं ‘उ’ खोटी साक्ष देत होतं.

"फाडा," बाई म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. "चूक व्हती माणसाकडून. एकच छापला ना?"

आईचं ‘हीच मी’ माझ्या कानात होतं. ती आता अंबडच्या पुढं गेली असेल. दोन म्हणालो तर बाई मला पुढच्या बसनं पाठवतील आणि आईच्या हातातला फोटो फाडायला लावतील. एवढंच सुचलं.

"एकच," मी म्हणालो आणि दोरीवरचा फोटो त्यांच्यासमोर फाडला.

*

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी स्वतः उभं राहून माझ्याकडून सुलटा फोटो छापून घेतला. फार सुंदर आला. ‘उ’ जागेवर, फुली जागेवर. तो घेऊन मी गावी गेलो. आईनं पाहिला.

"हा बी छान हाय," ती म्हणाली. "पण ही तुही मावशी दिसून राह्यली."

उलटा फोटो भिंतीवर होता. नेमका आरशाच्या शेजारी. आमच्या घरात एकच आरसा, तळहाताएवढा. आईनं तो खिळ्यावरून काढला, स्वतःसमोर धरला आणि मला फोटोकडं बघायला सांगितलं.

"हे पाह्य. ह्यात फुली ह्या अंगाला. फोटोत बी ह्याच अंगाला. मी अशीच हाय. बाकीच्यायनं मला उलटी काढली व्हती."

मी खाली बसलो. जन्मभर तिनं स्वतःला फक्त त्या आरशात पाहिलं होतं. बाकी सगळे फोटो आम्ही बघतो तशा आईचे होते. हा एकच, ती स्वतःला बघते तसा.

जालन्याला परतलो तेव्हा बाई जिन्यातच उभ्या होत्या. "काय म्हणाल्या माय?"

"भिंतीवर लावला," मी म्हणालो. हे खोटं नव्हतं. कुठला लावला हे फक्त सांगितलं नाही.

बाईंनी चष्मा काढला. पदरानं पुसला, पुन्हा घातला. मग गॅलरीत जाऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "तीस वर्षं लोकायला त्यायच्या आतलं दाखवलं, एकानंबी भिंतीवर लावलं न्हाई! ह्या माउलीनं लावलं!" खालच्या हमालांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी भजी पाठवली. मीही खाल्ली. चांगली होती, पण अर्धी मी हमालांना देऊन टाकली.

त्यानंतर दोन वर्षं मी तिथं राहिलो. कितीदा सांगायचं ठरवलं. प्रत्येक वेळी बाई कुणातरी पेशंटला तो भिंतीवरच्या फोटोचा किस्सा सांगत असायच्या. कंपनीनं मला अकोल्याला पाठवलं तेव्हा निघताना बाईंनी पदराची गाठ सोडली. "हे तुमच्याकडं असू द्या. आता तुम्ही चुकत न्हाई."

ते ‘उ’ माझ्या खिशात फार जड झालं.

गेल्या महिन्यात त्यांचं पोस्टकार्ड आलं. मोबाईल त्या फक्त टॉर्चसाठी वापरतात. चार ओळी होत्या. त्यातली शेवटची: ‘पुढच्या महिन्यात तीर्थपुरीला एका लग्नाला जाणार आहे. तिथून तुमच्या घरी जाऊन भिंतीवरचा फोटो बघून येईन.’

त्याच आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं. त्याची नक्कल माझ्याकडे आहे, तीच इथं देतो.

*

आदरणीय बाईंना, सादर नमस्कार.

तुम्ही आईकडं जाणार हे वाचून आनंद झाला आणि भीतीही वाटली. जाण्याआधी हे पत्र पूर्ण वाचा.

भिंतीवर जो फोटो आहे तो उलटा आहे. त्या दिवशी मी दोन छापले होते. एक तुमच्यासमोर फाडला, एक आई घेऊन गेली होती. तुम्ही विचारलं तेव्हा मी एकच म्हणालो. तुमच्या घरातला कायदा मी तुमच्याच न्हाणीत मोडला. तुम्ही उष्ट्या हातानं गेला होतात. मला इथवर यायला इतकी वर्षं लागली.

उलटा फोटो मी का उतरवला नाही, ते आईच्या आरशासमोर उभ्या राहिलात की तुम्हाला दिसेल. तिला मी सांगितलं आहे की बाई आल्या तर आरसा त्यांच्या हातात दे. सुलटा फोटो ट्रंकेत आहे, पदवीच्या फोटोशेजारी. चांगला आला आहे. तो मावशीला द्यायचं चाललंय.

इथं मी दोन खोल्यांचं घर घेतलं आहे. न्हाणीला खिडकी आहे, तिला काळा कागद लावला. काल भर दुपारी दहा मिनिटं बसलो. हात दिसला नाही. शिरा मीच केला, गुठळ्या झाल्या.

पहिली फिल्म छापली त्यात तुमचा एक फोटो निघाला. मी निघालो त्या सकाळी तुम्ही गॅलरीतून हमालांना ओरडत होतात आणि ओरडून झाल्यावर हसलात, तेव्हाचा. तुम्हाला न विचारता काढला. तुम्ही नेहमी म्हणायचात, मी सगळ्यांना आतून बघितलंय, माझं बाहेरून काय बघायचं. तरी बघा.

सोबत त्याच्या दोन प्रती पाठवतो. एक सुलटी आहे, तिच्यावर तुमचं ‘उ’ आहे. दुसरी मी मुद्दाम उलटी छापली आहे, तिच्या कडेला अक्षराची जागा मोकळी ठेवली. दोन्ही घेऊन आरशासमोर उभ्या राहा. ज्या प्रतीत तुम्ही नाही ती फाडा. कुठली फाडली ते मला लिहून कळवा. फाडण्याआधी श्वास धरा.

माझ्या खोटेपणाबद्दल रागावलात तर तेही कळवा. मी इकडं सरळ उभा आहे, हनुवटी वर, खांदे पुढं. श्वास धरला आहे. तुम्ही सांगितल्याशिवाय सोडणार नाही.

तुमचा,
वरच्या खोलीतला पेशंट